लाल्या, युरिया आणि पानात अडकलेली साखर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापसाला बोंडे धरली की शेतीपानांवरचा सल्ला ठरलेला असतो: पान पिवळे-लाल झाले (शेतकरी याला लाल्या म्हणतात) म्हणजे नत्र कमी पडले, युरिया द्या. सल्ला साफ खोटा असता तर बरे झाले असते, कोणी ऐकलाच नसता. पण तो कधी लागू पडतो, कधी पडत नाही, आणि दोन्ही शेतांत पान सारखेच लाल दिसते. विज्ञानाच्या पानावर मग अधूनमधून बातमी येते, की परदेशात कमी नत्रात तग धरणारे जनुक सापडले. या सल्ल्याच्या आणि या बातमीच्या मधला दुवा मराठीत क्वचित छापला जातो. तो दुवा साखरेचा आहे. नत्र तुटल्यावर हिरवे राहायचे की आवरते घ्यायचे, हे पान बऱ्याच अंशी स्वतःतली साखर मोजून ठरवते, आणि ही मोजणी करणारी काही जनुके आता नावानिशी माहीत आहेत. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

हिशोब साधा आहे. पान उन्हात साखर बनवते. त्या साखरेचे नवे पान, नवे मूळ, नवे बोंड व्हायचे तर प्रथिने लागतात आणि प्रथिनांना नत्र लागते. नत्र संपले की वाढ थांबते, ऊन थांबत नाही. कारखान्याचे गाळप बंद पडले आणि शिवारात ऊसतोडणी चालूच राहिली तर यार्डात जे होते, तेच पानात होते. माल येतोय, उचल नाही. काही दिवसांत पानात साखर आणि स्टार्च साचतो. त्यात पानातल्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा रुबिस्को या एकाच एन्झाइममध्ये अडकलेला असतो, आणि रुबिस्कोचे काम तर साखर बनवण्याचेच. साखरेला उठाव नसेल तर एवढे नत्र तिथे गुंतवून ठेवण्यात झाडाचा काय फायदा? ते मोडून बोंडाकडे धाडलेले बरे. जुनी पाने आधी पिवळी पडतात ती यामुळे. ही मोडतोड अंदाधुंद नसते, ठरलेली जनुके ठरल्या क्रमाने चालू झाल्यावरच ती होते.

झाडाला नत्र थेट कळत नाही, असे मात्र नाही. मुळाच्या पेशीवरचा नायट्रेट-वाहक एनआरटी-१.१ आणि पेशीच्या आतले एनएलपी-७ हे प्रथिन नायट्रेट प्रत्यक्ष ओळखतात. पण पान म्हातारे करण्याचा निर्णय एकट्या नत्रावर होत नाही. नत्राच्या मानाने साखर किती, हे त्यात पाहिले जाते.

साखर मोजणाऱ्यांत सर्वांत जुना ओळखीचा हेक्झोकायनेज. ग्लुकोज जाळण्याच्या पहिल्या पायरीवर त्याला फॉस्फेट चिकटवणारे हे एन्झाइम. यीस्टपासून माणसापर्यंत सगळीकडे असते, त्यामुळे ते नुसते हमाली करते असेच बराच काळ धरले गेले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जेन शीन यांच्या प्रयोगशाळेने २००३ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवले की त्याला दुसरीही नोकरी आहे. मोहरीच्या कुळातले अरॅबिडॉप्सिस हे छोटे झाड जनुकांच्या अभ्यासाला वापरतात. त्याचे हेक्झोकायनेज-१ बिघडलेले एक वाण आहे, जिन-२. ६ टक्के ग्लुकोज घातलेल्या माध्यमावर साधे रोप बीजपत्रे हिरवी न करताच थिजते, जिन-२ मात्र हिरवे होऊन वाढते. साखर आहे हेच त्याला कळत नाही. मग संशोधकांनी जिन-२ मध्ये हेक्झोकायनेजचे असे रूप घातले ज्यातले एकच अमिनो आम्ल बदलल्यामुळे फॉस्फेट चिकटवण्याची ताकद गेली होती. साखर जाळता न येणारे ते हेक्झोकायनेज साखर ओळखत मात्र होते. रोपे पुन्हा थिजली. जाळणे आणि ओळखणे ही दोन कामे एकाच प्रथिनात असून वेगळी करता येतात, हे तिथे पक्के झाले. जिन-२ ची पाने उशिरा पिकतात, हेही त्याच कामात दिसले. उलट बाजू इस्राएलच्या संशोधकांनी १९९९ मध्येच टोमॅटोवर दाखवली होती: अरॅबिडॉप्सिसचे हेक्झोकायनेज जादा घातले तर झाड खुजे राहते, प्रकाशसंश्लेषण घटते आणि पाने लवकर म्हातारी होतात.

नत्राशी सांधा जुळला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अॅस्ट्रिड विंगलर यांच्या गटाच्या कामात. कमी नत्राच्या माध्यमात २ टक्के ग्लुकोज घातले की अरॅबिडॉप्सिसची पाने झपाट्याने पिवळी होतात, आणि एसएजी-१२ नावाचे जनुक, जे फक्त म्हाताऱ्या होणाऱ्या पानात जागे होते, ते ९०० पटींहून जास्त चालू होते. त्याच माध्यमात नत्र भरपूर असेल तर तेवढीच साखर पान पिकवत नाही. जिन-२ मध्ये कमी नत्रावरही हा परिणाम लांबतो. म्हणजे पिवळेपणाला दोन अटी लागतात, नत्र कमी आणि साखर जास्त, आणि त्या दोन्हींची गाठ घालणारे जनुक काढले की तोच तुटवडा असूनही पान जास्त दिवस हिरवे राहते.

याच गटाचे २०१२ चे काम आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. झाडात ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट नावाचा एक रेणू अगदी चिमूटभर असतो. पेशीत साखर किती आहे याची पाटी म्हणून तो वावरतो: सुक्रोज वाढले की तो वाढतो, घटले की घटतो. जिवाणूचे एक जनुक घालून हा रेणू सतत मोडत ठेवला, तर पानात साखर साचूनही पान वेळेवर पिकत नाही आणि लालही कमी होते. मालाचा ढीग पडलाय, पण पाटीच कोरी, म्हणून कोणी हालचाल करत नाही. ही पाटी वाचणारा कारकून म्हणजे स्नर्क-१ हे कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून त्यांचे काम बदलणारे एन्झाइम. साखर संपली की तो जागा होऊन काटकसरीची शेकडो जनुके चालू करतो, ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट वाढले की गप्प बसतो. त्याच्या समोरच्या टेबलावर टॉर नावाचे दुसरे कायनेज आहे, ते साखर मिळाली की वाढीला परवानगी देते. बाकी तपशील इथे सोडतो.

आता लाल रंग. कापसाच्या पानातला लाल-जांभळा रंग अँथोसायनिनचा. अरॅबिडॉप्सिसमध्ये ते बनवणारी साखळी पॅप-१ हे जनुक चालू करते, आणि पॅप-१ ला जागे करणारी मुख्य गोष्ट सुक्रोज. नायट्रेट भरपूर असेल तेव्हा एलबीडी-३७, ३८ आणि ३९ ही जनुके याच साखळीवर ब्रेक लावून असतात. नत्र तुटले की ब्रेक सुटतो आणि साचलेली साखर त्याच वेळी अॅक्सिलरेटर दाबते. कापसातही अँथोसायनिनची सूत्रे पॅप-१ च्याच घराण्यातल्या जनुकांकडे आहेत. पानाला यातून फायदाही होतो. साखर उचलली जात नाही आणि ऊन मात्र कडक, अशा वेळी हरितद्रव्य मोडताना पान करपू नये म्हणून तो लाल पडदा कामाला येतो.

यावरून निघणारी शेतातली गोष्ट अशी, की पान लाल होणे ही साखर अडल्याची खूण आहे. ती का अडली, हे रंग सांगत नाही. नत्र नाही म्हणून अडू शकते. रात्री एकदम गारठा पडला आणि साखरेची उचल मंदावली म्हणून अडू शकते. मॅग्नेशियम नाही म्हणूनही अडू शकते, आणि हे कारण सगळ्यांत दुर्लक्षित. मॅग्नेशियम हरितद्रव्यात असते एवढे शाळेत शिकवतात, पण पानातून साखर नळीत चढवणाऱ्या यंत्रणेलाही ते लागते. जर्मनीत होहेनहाइम इथे चाकमाक आणि मार्शनर यांनी १९९४ मध्ये घेवड्यावर दाखवले की मॅग्नेशियम तुटले की पानात सुक्रोज साचते आणि मुळाकडे जाणारी साखर घटते, तीही पानाचा रंग फारसा बदलण्याआधी. पालाशाच्या, म्हणजे पोटॅशियमच्या, तुटवड्यातही हे होते. अशा शेतात नत्र पुरेसे असताना युरिया टाकला तर दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

म्हणून बांधावर उभे राहून आधी पान उलटून पाहावे. कडा खाली वळल्या आहेत, रंग कडेपासून आत चालला आहे आणि पानाखाली तिरपे चालणारे फिकट हिरवे तुडतुडे आहेत, तर हा विषय आमचा नाही, कीड नियंत्रणाचा आहे. तुडतुडे नसतील तर लाल पान झाडावर कुठे आहे ते पाहावे. नत्र आणि मॅग्नेशियम दोन्ही झाडात फिरतात, म्हणून दोन्हींचा तुटवडा खालच्या, जुन्या पानांत आधी दिसतो. फरक शिरांत असतो. नत्राच्या तुटवड्यात अख्खे पान एकसारखे फिके पडते आणि मग लालावते, शिरांसकट. मॅग्नेशियमच्या तुटवड्यात शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधली जागा लाल-जांभळी होते, जणू कोणी हिरव्या शाईने शिरा गिरवल्यात. पालाशाचा तुटवडा कडांवर करपल्यासारखा उतरतो. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि खालची हिरवी असतील तर लोह किंवा गंधक पाहावे, युरिया अजिबात नको. आणि एका पट्ट्यातलीच झाडे लाल असतील तर आधी तिथले पाणी साचते का बघावे. गुदमरलेले मूळ जमिनीतले नत्र उचलू शकत नाही, मग वरून कितीही टाका.

साखर खरोखर अडली आहे का, हे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सामानात तपासता येते. कापूस दिवसाची साखर पानात स्टार्च म्हणून साठवतो आणि रात्रभर खर्च करतो. त्यामुळे पान उजाडण्यापूर्वी तोडायचे, हा या चाचणीचा प्राण. संशयित झाडाचे एक आणि तेवढ्याच वयाचे, त्याच उंचीवरचे निरोगी झाडाचे एक. अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवायचे. मग परीक्षानळीत स्पिरिट घेऊन त्यात पान घालायचे आणि नळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची. स्पिरिट थेट आचेवर कधीही धरायचे नाही, त्याची वाफ पेट घेते. पान पांढुरके झाले की कोमट पाण्यात धुऊन बशीत पसरायचे आणि वर आयोडीनचे पातळ द्रावण ओतायचे. निरोगी पान पिवळसर तपकिरी राहते. साखर अडलेल्या पानावर दोनतीन मिनिटांत निळे-काळे ढग उमटतात, बहुधा शिरांच्या मधे. कापसाच्या पानावर मुळातच बारीक काळे ठिपके असतात, त्या गॉसिपॉलच्या ग्रंथी. त्यांना स्टार्च समजू नये.

चाचणी फसते तीही ठरावीक ठिकाणी. संध्याकाळचे पान आणले तर दोन्ही काळी होतात. आदला दिवस पूर्ण ढगाळ गेला असेल तर दोन्ही कोरी निघतात. अगदी लाल होऊन वाळायला आलेल्या पानात स्टार्चही उरलेला नसतो, म्हणून नुकता रंग बदलू लागलेले पान घ्यावे. ऊस, गहू, भात यांच्यावर ही चाचणी करू नये. या गवतवर्गीय पिकांच्या पानात साठा मुख्यतः सुक्रोजचा असतो आणि आयोडीनला सुक्रोज दिसत नाही. आणि मुख्य मर्यादा: काळा डाग साखर अडल्याचे सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. त्यासाठी पुन्हा शिरांकडेच यावे लागते, किंवा पानाचे विश्लेषण करून घ्यावे लागते.

उपायाचे आकडे सल्ल्यांत असतात, पण त्यांचा अर्थ सांगितला जात नाही. २ टक्के युरियाची फवारणी म्हणजे १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम. एकरी २०० लिटर पाणी धरले तर ४ किलो युरिया, म्हणजे १.८४ किलो नत्र. ही फवारणी पानाला तात्पुरता हात देते, जमिनीतली तूट भरत नाही. ४ टक्के नत्राच्या नॅनो युरियाच्या ५०० मिलिच्या बाटलीत २० ग्रॅम नत्र असते, ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. दोन्हींची बरोबरी करणाऱ्या जाहिरातीशेजारी हा भागाकार छापला तरी वाचकाचे भले होईल. शिरा हिरव्या राहिलेल्या शेतात मॅग्नेशियम सल्फेट १ टक्का, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम, सकाळी किंवा ऊन कलल्यावर फवारावे. भर उन्हात थेंब पानावरच सुकतो, आत शिरत नाही. पूर्ण लाल झालेले पान कशानेही हिरवे होत नाही. फवारणी चालली की नाही हे वरच्या नव्या पानांवरून ठरवावे. लाल पान हिरवे झाले नाही म्हणून तिसरी-चौथी फवारणी करणारे पैसे आणि मजुरी दोन्ही घालवतात.

उसाच्या पट्ट्यात साखर-नत्राची हीच जोडी उलट्या बाजूने माहीत आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस चार हप्त्यांत असते: लागणीला १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. त्यानंतर युरिया नको म्हणतात, कारण उशिरा नत्र मिळालेला ऊस साखर साठवायचे सोडून वाढीला लागतो, पाणशे फुटवे काढतो, आणि उतारा घटतो. म्हणजे शेवटच्या महिन्यांत आपण उसाला मुद्दाम नत्राची थोडी ओढ लावतो, साखर कांड्यात थांबावी म्हणून. साखर पानात थांबली तर मात्र नुकसान. दक्षिण आफ्रिकेत मॅककॉर्मिक, क्रेमर आणि वॉट यांनी २००६ मध्ये दाखवले की उसाची बाकीची पाने झाकून एकच पान उघडे ठेवले तर त्या पानाचे प्रकाशसंश्लेषण वाढते. मागणी वाढली की पान जोमाने काम करते, साठा तुंबला की मंदावते. उसाच्या पिवळ्या पानाच्या विषाणूरोगात हाच तुंबा होतो. मावा तो रोग पसरवतो, आणि पानाच्या मधल्या शिरेची खालची बाजू आधी पिवळी होते, पाते बाजूने अजून हिरवे असताना. ती शीर पाहिल्याशिवाय नत्राची कमतरता ठरवणे म्हणजे ताप मोजल्याशिवाय गोळी देणे.

पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांबद्दलही एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. मुळातला नायट्रेट-वाहक एनआरटी-२.१ दिवसा वाढतो आणि रात्री घटतो. फ्रान्समध्ये मोंपेलिए इथे लेजे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अंधारात ठेवलेल्या झाडाच्या मुळांना साखर दिली तर हा वाहक अंधारातही चालू राहतो. मुळाला नत्र उचलायची परवानगी पानाकडून साखरेच्या रूपाने येते. सलग झडीत ही परवानगीच कमी येते, आणि वरून टाकलेला युरिया तोवर पाण्याबरोबर ओढ्याला लागतो. उघडीप बघून आणि वाफसा आल्यावर खत द्यावे, हा जुना सल्ला जनुकांच्या भाषेतही टिकतो.

महाविद्यालयांत हे प्रात्यक्षिक म्हणून करायचे असेल तर चुका कुठे होतात तेही सांगतो, कारण चुकीच्या मांडणीतून आलेले निष्कर्ष पुढे बातम्या होतात. रोपे वाढवण्याच्या मुराशिगे-स्कूग माध्यमात लिटरला १.६५ ग्रॅम अमोनियम नायट्रेट आणि १.९ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट असते, म्हणजे एकूण ६० मिलिमोलर नत्र. कमी नत्रासाठी अमोनियम नायट्रेट पूर्ण काढा आणि पोटॅशियम नायट्रेट ०.४७५ ग्रॅमवर आणा. इथेच पहिली चूक होते. नायट्रेटबरोबर पालाशही तीन चतुर्थांश गेले, आणि पालाशाच्या तुटवड्यानेही साखर साचते हे वर आलेच आहे. म्हणून १.०५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घालून पालाश पूर्ववत करायचे. दुसरी चूक तुलनेची. २ टक्के ग्लुकोज म्हणजे १११ मिलिमोलर, तेवढ्याने माध्यमाची पाणी ओढण्याची ताकदही वाढते. झाडाला साखर म्हणून न कळणारा मॅनिटॉल तेवढाच, लिटरला २०.२ ग्रॅम, घातलेली तबकडी शेजारी नसेल तर पान साखरेच्या संदेशाने पिवळे झाले की पाण्याच्या ताणाने, हे सांगता येत नाही. तिसरी चूक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, होते. १२१ अंशाला १५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवले की ग्लुकोज तपकिरी होऊ लागते, आणि मग रोपे न वाढण्याचे खापर जनुकावर फुटते. साखर वेगळी गाळून निर्जंतुक करावी. माध्यम घट्ट करणाऱ्या आगरमध्येही थोडे नत्र मिसळलेले असते, स्वस्त आगरमध्ये जास्त, म्हणून सगळ्या तबकड्यांना एकाच डब्यातला, धुतलेला आगर वापरावा. अँथोसायनिन १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या मिथेनॉलमध्ये रात्रभर अंधारात काढावे आणि ५३० नॅनोमीटरच्या वाचनातून ६५७ च्या वाचनाचा पाव भाग वजा करावा. ही वजाबाकी विसरली तर हरितद्रव्यच अँथोसायनिन म्हणून मोजले जाते.

तबकडीशिवायही जमते. धुतलेल्या वाळूत टोमॅटोची रोपे लावून होगलंडचे द्रावण द्यायचे: लिटरला कॅल्शियम नायट्रेट १.१८ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट ०.५०५, मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०.१३६, मॅग्नेशियम सल्फेट ०.४९३, शिवाय लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये. कमी नत्राच्या कुंड्यांना कॅल्शियम नायट्रेटऐवजी कॅल्शियम क्लोराइड ०.७३५ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट फक्त ०.०७६ ग्रॅम आणि पालाश भरून काढायला पोटॅशियम सल्फेट ०.३७ ग्रॅम. फॉस्फेट, मॅग्नेशियम, लोह तेवढेच. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने वाळू धुवावी, नाहीतर क्लोराइड साचून पानांच्या कडा जळतात आणि ते नत्राच्या नावावर जमा होते. कमी नत्राच्या रोपांच्या देठांवर आणि पानांच्या खालच्या बाजूला जांभळी झाक येऊ लागली की पहाटेची आयोडीन चाचणी करून पाहावी.

राहिली जनुकांची बातमी. सावध राहायला एनएलए नावाचे जनुक पुरेसे आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या रॉथस्टाइन यांच्या गटाने २००७ मध्ये ते अरॅबिडॉप्सिसमध्ये शोधले. ते बिघडले की झाड कमी नत्राशी जुळवून घेऊ शकत नाही, लाल न होताच लवकर पिकते. म्हणून नाव ठेवले 'नत्र-तुटवडा अनुकूलन'. २०११ मध्ये त्याच गटाने पुढचे काम छापले: त्या झाडात कमी नत्रावर फॉस्फेट प्रमाणाबाहेर साचते आणि पान मरते ते फॉस्फेटच्या विषबाधेने. दोन वर्षांनी कळले की हे जनुक फॉस्फेटच्या वाहकांना मोडीत काढते. नत्राच्या नावाने बारसे झालेले जनुक स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे, निघाले. यात संशोधकांचा दोष नाही, त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली. पहिल्या बातमीला पान मिळाले आणि दुसरीला नाही, ही अडचण आपल्याकडची आहे.

साखर ओळखणारी जनुके नुसती बंद करून कमी युरियाचे पीक मिळेल, असेही समजू नये. जिन-२ चे पान हिरवे राहते खरे, पण कडक उन्हात ते झाड खुजे राहते. आणि पान उशिरापर्यंत हिरवे राहिले म्हणजे त्यातले नत्रही पानातच अडून राहिले, दाण्यापर्यंत गेले नाही. चीनमध्ये २०१८ साली भातातल्या जीआरएफ-४ वर झालेले काम जास्त आशेचे आहे, कारण ते जनुक साखर बनवणे आणि नत्र उचलणे दोन्ही एकदम वाढवते. हरितक्रांतीच्या बुटक्या वाणांत साचणारे, वाढ रोखणारे डेला प्रथिन नेमके याच जनुकाला दाबते, म्हणून त्या वाणांना पोटभर नत्र लागते. आपल्याकडे मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दोन जनुक-संपादित भातांपैकी 'कमला' या वाणात बदललेले जनुक सायटोकायनिन हे संप्रेरक मोडणारे आहे, साखर ओळखणारे नाही. या तीन वेगळ्या गोष्टी एकाच 'कमी खताचे जनुक' या मथळ्याखाली कोंबल्या जातात.

आपल्या शेतीपानाला दोन विनंत्या. लाल-पिवळ्या पानावरचा सल्ला छापताना सोबत उलटलेल्या पानाचे छायाचित्र असावे, ज्यात शिरा दिसतील, आणि पान झाडावर खालचे की वरचे ते लिहिलेले असावे. आणि कमी नत्रात वाढणाऱ्या जनुकाची बातमी छापताना प्रयोग तबकडीवर, कुंडीत की शेतात झाला, कमी नत्र म्हणजे हेक्टरी किती किलो, तेवढेच नत्र दिलेल्या साध्या वाणाचे उत्पन्न किती आले आणि दाण्यातल्या प्रथिनाचे काय झाले, हे चार आकडे बातमीत असावेत. मूळ लेखात ते नसतील, तर 'नाहीत' एवढे तरी छापावे.

आपले,
वनस्पती-शरीरक्रियाशास्त्राचे दोन अध्यापक